सरकणारा खडा

मुलुंडच्या आमच्या गॅलरीतून चंद्र आणि कधीमधी शुक्र सोडला तर काही दिसत नाही. समोर टॉवरचे दिवे, वर धुरकं. त्यामुळे माझं आकाशदर्शन रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर चालतं. हसा खुशाल.

हौशी लोकांसाठी एक उपक्रम असतो. परदेशातली मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने चार फोटो काढते आणि ते आपल्याकडे येतात. रंग उलटे केलेले, पांढऱ्यावर काळे ठिपके. ते एकामागोमाग फिरवत बसायचं. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला तर तो लघुग्रह असू शकतो, कधी कधी तोवर कुणीच न पाहिलेला. मला दोन वर्षांत एकही सापडला नव्हता.

आई तेव्हा आमच्याकडेच राहत होती, आणि माझ्यावर रुसलेली होती. कारण कुळीथ. गावाहून येणाऱ्या कुळथात अगदी त्याच रंगाचे खडे असतात. ते निवडायचं काम आईचं, आणि त्यात ती कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा उसळीत खडा आला आणि माझ्या नवऱ्याच्या दाढेचा तुकडा पडला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "राहू दे आई आता. तुला दिसत नाही."

खरं सांगायचं तर आदल्या दिवशी भिजत घालताना निवडलेले कुळीथ कमी वाटले, म्हणून पिशवीतले मूठभर मीच तसेच टाकले होते. बोलताना मला ते आठवत होतं. तरी बोलले. तोंडाला लगाम नाही, दुसरं काय.

त्यानंतर आईने निवडायच्या ताटाला हात लावला नाही. लसूणसुद्धा सोलेना. "मला कुठे दिसतंय," म्हणायची आणि रिकामे हात मांडीवर ठेवून गॅलरीत बसून राहायची. ते मला बघवत नव्हतं.

त्या रविवारी मी तेच चार फोटो कितव्यांदा तरी फिरवत होते. आई पाणी प्यायला आली आणि माझ्या मागे थांबली.

"हा खडा आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

"हा गं, कोपऱ्यातला. बाकीचे गप बसलेत, हा सरकतोय."

मी जरा वैतागूनच मोठं करून पाहिलं. सरकत होता. पुसट, पण सरळ रेषेत. आधी सापडलेल्यांच्या यादीतही नव्हता. माझ्या दोन वर्षांच्या अनुभवाची पार वाट लागली.

कळवताना शोधणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी आईचं लिहिलं. नक्की काय ते कळायला काही वर्षं जातात, हेही तिला सांगितलं.

"जाऊ देत. मला कुठे घाई आहे."

तिचं नाव स्क्रीनवर बघून मला राहवेना. "आई, तो उसळीतला खडा माझा होता. मीच न निवडता टाकले होते."

"माहीत आहे. पिशवीचं रबर ओट्यावरच पडलं होतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"जावयासमोर लेकीला खाली बघायला लावू?"

मला रडूच आलं. आई खुर्ची ओढून बाजूला बसली.

"पुरे आता. निम्मे कुळीथ तसेच पडलेत, ताट आण. आणि तूही बस निवडायला. तुला दिसतंय ना?"