गावासाठी सोडलेली ओळ

आमच्या भागात ते गाणं दोन वर्षं वाजत होतं. मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेरच्या कॅसेटच्या टपरीवर, टोकावड्याच्या ढाब्यांवर, धसईच्या बाजाराला जाणाऱ्या टेम्पोत. गायक कल्याणकडचा होता. आधीच्या पिढीतले जे गायक गावोगाव चालत जाऊन प्रबोधनाची गाणी गायले आणि बहुतेक उपचाराविना गेले, त्यांची एकेक करून नावं घेत तो विचारायचा, तुमचा सूर आता कोण धरणार. चाल संथ होती. ऐकताना एरवी बडबडी असलेली माणसंही गप्प बसायची.

शेवटच्या कडव्यात एक ओळ मोकळी होती. कॅसेटमध्ये तिथे नुसती पेटी वाजते. कार्यक्रमात मात्र त्या जागी गायक त्या गावच्या दिवंगत गायकाचं नाव घालायचा. जयंतीच्या कमिटीने आधी चिठ्ठी द्यायची, तो ते नाव चालीत बसवायचा. शहापूरकडच्या एका गावात नवऱ्याचं नाव ऐकून बाई भर मंडपात उठून उभी राहिली होती, असं आम्ही ऐकलं होतं.

आमच्या गावाने तो गायक ठरवला तेव्हा ती ओळ आत्याची, हे मी गृहीतच धरलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली, भाताच्या लावणीला आणि वीटभट्टीवर जायची आणि जयंतीच्या दिवसांत गायची. वडील ढोलकीवर. तिला अक्षर येत नव्हतं. सभांना वाटलेली पत्रकं वडील घरी आणायचे आणि मोठ्याने वाचायचे. ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची, आणि चार दिवसांनी त्या पत्रकातला मजकूर गाणं होऊन बाहेर यायचा. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. पाठ्यपुस्तक नंतर आलं.

तिला विरोध बाहेरच्यांनी केला नाही. आमच्याच वस्तीतल्या एका पंचाला बाईमाणसाने चौकात उभं राहून गाणं पटत नव्हतं. एका जयंतीला ती उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला त्याने लाउडस्पीकरची वायर काढायला लावली. आत्या तशीच गात राहिली. पुढच्या चार रांगांनी ऐकलं, मागच्यांना फक्त तिचे ओठ दिसले. समतेवर भाषणं देणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकही जागचा हलला नाही. पुढे तो पंचही गेला आणि एका पावसाळ्यात खोकत खोकत आत्याही गेली. तिचा आवाज कुठल्याच टेपवर नाही. त्या ओळीत तिचं नाव निघालं तर निघालं, एवढंच उरलं होतं.

आणि नेमकं ते गाणं गाजत होतं तेव्हा मी एकोणीस वर्षांची आणि फार हुशार होते. त्या गाण्याच्या वेडाचा मला राग यायचा. माणसं मेलेल्या गायकांसाठी डोळे पुसतात आणि जिवंत शाहिराला एसटीच्या भाड्यावर बोलावतात, असं माझं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतंच. गावाने गायक ठरवायच्या आधीच मी पत्रक काढलं, स्वतः मुरबाडला जाऊन छापून आणलं आणि घरोघर वाटलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं : ‘मेलेल्यांची नावं गाणं बंद करा.’ वडिलांनी ते वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

कमिटीची बैठक विहारात झाली. अध्यक्ष त्या पंचाचाच मुलगा, दोन टेम्पोंचा मालक, सगळ्यांचा भाऊ. मी आत्याचं नाव मांडलं. दोघीतिघी बायकांनी माना हलवल्या. भाऊने खिशातून माझं पत्रक काढलं आणि शेवटचं वाक्य वाचून दाखवलं.

“ह्ये तुझंच ना गो?”

“माझंच.”

“मंग आता काय करायचं? आमी तुझं ऐकू, का तुझ्या आत्याचं नाव घिऊ? दोन्ही कसं जमंल?”

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, पोरगी घरचं माणूस आलं की पत्रक विसरते. मी म्हणू शकले असते, चुकलं माझं, हे एक नाव घ्या. वडील दाराशी बसले होते, माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं. पण मला तत्त्व सोडायचं नव्हतं. मी म्हणाले, मी पत्रकावर ठाम आहे, कुणाचंच नाव नको, ओळ मोकळीच राहू दे. भाऊ लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच का म्हणाला, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

कार्यक्रम ऊन उतरल्यावर सुरू झाला. गायकाचा ढोलकीवाला आजारी होता, म्हणून वडिलांना बसवलं होतं. ते गाणं आलं तसा मंडप शांत झाला. शेवटचं कडवं. मोकळ्या ओळीशी गायक थांबला, हातातली चिठ्ठी पाहिली आणि भाऊच्या बापाचं नाव गायला. ज्याने वायर काढायला लावली, तो आता त्या गाण्यात गायक होऊन सूर सोडून गेला होता आणि गाव त्याला शोधत होतं.

ढोलकी बंद झाली. वडिलांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. गायकाने वळून पाहिलं, पेटीवाल्याने सांभाळून घेतलं आणि ती ओळ ठेक्याविना गेली. पुढच्या ओळीला वडिलांनी पुन्हा ठेका धरला आणि गाणं नीट संपवून दिलं. मी मंडपात होते. कुणाचंच नाव नको म्हणणारी मीच, मी काय बोलणार होते?

वडिलांना पुन्हा कधी ढोलकीवर बोलावलं नाही. मंडपवाल्याने भरलेली टेप भाऊने कल्याणच्या एका स्टुडिओत नेली आणि तिच्या कॅसेटी काढून घरोघर वाटल्या. आमच्याकडेही एक आली. वडिलांनी ती लावली. ठेका जिथे तुटला होता, तिथे स्टुडिओवाल्याने इलेक्ट्रॉनिक पॅडचा ठेका भरला होता. आता काहीच तुटत नव्हतं.

मी त्यांना म्हणाले की मी सगळं लिहिते, वायरपासून चिठ्ठीपर्यंत, आत्याचं नाव मोठ्या अक्षरांत घालते आणि गावभर वाटते. त्यांनी कॅसेट बंद केली.

“नको,” ते म्हणाले. “तुझ्या कागदानंच आडवली तिला. आता कागदात घालू नको. तिला वाचता येत नव्हतं.”

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, आणि त्यातलं थोडंबहुत लोकांनी वाचलं. तिचं नाव त्यात कुठे नाही. इथेही नाही.