सोळाव्या हिश्श्याचा ट्रॅक्टर

गाड्यांची, इमारतींची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांचा आमचा फोनवरचा ग्रुप आहे; तिथं कुणी नवं मॉडेल टाकलं की पहिला प्रश्न येतो, स्केल काय, म्हणजे खऱ्याच्या कितव्या हिश्श्याचं? गाव कुठलं, आडनाव काय, वडील काय करतात, हे कुणी विचारत नाही. मला तेच फार आवडलं होतं. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. केलं, नारायणगावात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते, आणि संध्याकाळी घरी आले की प्लास्टिकच्या शीटमधून गाड्या कापते. लग्नाच्या वयाची बाई चिमट्यानं खेळण्यातले आरसे चिकटवत बसते, हे गावाला पटत नाही. फोनमधल्या अनोळखी लोकांना पटत होतं.

त्या ग्रुपनं मला पुष्कळ दिलं, हे आधी सांगते. माझ्या पहिल्या एस.टी.ची चाकं अंड्यासारखी झाली होती. नागपूरकडचे एक रिटायर्ड काका हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, कर्कटक कसं धरायचं ते दाखवलं आणि माझं चाक गोल होईपर्यंत फोन ठेवला नाही. पुढं ट्रॅक्टरच्या टायरचा साचा त्यांनीच कुरिअरनं पाठवला. आमच्या कॉलेजात असं शिकवणारा मला कुणी भेटला नाही.

दुसरी बाजूही होती. खिळे मोजणारे होते. एस.टी.च्या मागच्या शिडीला एक पायरी कमी आहे, यावर एक गृहस्थ कितीतरी दिवस माझ्या मागं लागले होते. "ताई असूनही काम छान आहे" असं कौतुक यायचं, त्यातलं "असूनही" मी गिळून टाकायची. त्याचं मला काही वाटत नव्हतं. जे वाटायला हवं होतं ते दुसरंच.

एकदा एका मुलानं जयंतीच्या मिरवणुकीचा ट्रक टाकला होता. वर निळे झेंडे, साउंडच्या भिंती, ट्रकच्या कडेला बारीक दिव्यांची माळ, आणि ती खरोखर पेटत होती. ॲडमिननं तो थोड्या वेळात काढून टाकला. खाली लिहिलं, ग्रुपवर राजकारण नको. काही दिवसांनी दुसऱ्या कुणी भीमाशंकरचं देऊळ टाकलं, धुक्यासकट, कळसावर भगव्या झेंड्यासकट. त्यावर हात जोडलेल्या खुणांची रांग लागली, पहिली खूण ॲडमिनची. माझीही होती. देवळाबद्दल मला काही म्हणायचं नाही, काम सुरेखच होतं. पण ट्रकवाल्यासाठी मी एक शब्द लिहिला नाही. तो मुलगा ग्रुप सोडून गेला, तेही मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मग स्पर्धा आली. विषय होता, गावाकडची गाडी. पहिलं येईल त्याचा फोटो ग्रुपच्या कॅलेंडरवर. मला दुसरं काही सुचलंच नाही. आप्पांचा ट्रॅक्टर करायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. खोडदच्या बाजूला, त्या मोठाल्या दुर्बिणींच्या छत्र्या दिसतात तिथल्या शिवारात त्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवण्यात घालवली. मग स्वतःचा घेतला, जुनाच, लाल. घेतल्या घेतल्या नारायणगावच्या पेंटरकडं नेला आणि मागच्या दोन्ही मडगार्डवर निळी पट्टी मारून तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत जय भीम लिहून आणलं. टोमॅटोचे कॅरेट मार्केटला टाकून आले की आधी कालव्यावर जायचे, ट्रॅक्टर धुवायचे, मगच घरी. आई म्हणायची, माणसाला अंघोळ नाही आणि मशिनीला दोनदा. गुडघे गेले तेव्हा ट्रॅक्टर विकला. नेणाऱ्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर पट्टी खरवडली.

मॉडेल सोळाव्या हिश्श्याचं केलं. आप्पा शेजारी खाट टाकून बसायचे. सीटचं स्प्रिंग कसं होतं, सायलेन्सर कुठं वाकला होता, सांगत राहायचे. मडगार्डवरची अक्षरं मी श्वास धरून काढली. ती वाळली तेव्हा आप्पा झोपले होते, आणि सकाळी मला लॅबची घाई.

चकचकीत मॉडेलला आमच्या ग्रुपवर खेळणं म्हणतात. गाडी वापरलेली दिसली पाहिजे, गंज, धूळ, पोपडे. त्याला वेदरिंग म्हणतात आणि खरी परीक्षा त्याचीच. मी आमच्याच बांधावरची काळी माती आणली, वस्त्रगाळ केली, डिंकाच्या पाण्यात कालवली. टायरांना लावली, ट्रॉलीला लावली. मडगार्डपाशी हात थांबला. मग मी ब्रश पुन्हा मातीत बुडवला. मडगार्ड चिखलासाठीच असतं, तिथं चिखल नसला तर लोक चूक काढतील, असं मी मनाशी म्हटलं. निळं काही दिसत नाही ना, हे मात्र दिव्याखाली धरून दोनदा पाहिलं.

फोटो टाकला, मॉडेल पहिलं आलं. ॲडमिननं लिहिलं, गावाकडचं अस्सल जगणं. नागपूरच्या काकांनी लिहिलं, चिखलाला सलाम. दिवसभर लॅबमध्ये मी टेस्ट लावता लावता फोन बघत होते.

चुलतभावानं तो फोटो आप्पांना दाखवला. संध्याकाळी मी घरी आले तर आप्पा ओसरीवर मांडीवर मॉडेल घेऊन बसलेले, हातात ओला फडका. डिंक पाण्यात सुटतो. अर्धा ट्रॅक्टर लाल झाला होता. मी ओरडणार होते. तेवढ्यात दिसलं की त्यांनी डावं मडगार्ड पुसलंय आणि तिथं अंगठा ठेवून ते बसलेत.

"हितं लिव्हलेलं हाय की," ते म्हणाले. "मला वाटलं तू इसरली."

मी म्हटलं, नाही विसरले.

"मग हे झाकायला चिखल लावला, का चिखल लावायचा व्हता म्हणून झाकलं?"

मी म्हटलं, चिखल लावावाच लागतो आप्पा, त्याशिवाय खरा वाटत नाही. आमच्यात पद्धत आहे. आमच्यात, असं म्हणाले मी.

आप्पांनी फडका पिळला. "त्यांच्या ट्रॅक्टरला चिखल असला तर लोकं म्हणत्यात, गडी लई राबतो. आपल्या ट्रॅक्टरला असला तर म्हणत्यात, ही लोकं अशीच. म्हणून धूत व्हतो मी. हौस न्हवती मला."

एवढं बोलून ते उजव्या मडगार्डला लागले. आवाज चढवला नाही. मी पदवी घेऊन आले त्या दिवशी ज्या ओसरीवर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले होते, तिथंच मी चपला न काढता उभी होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना स्वच्छतेचं वेड आहे. मी घरात ते हसण्यावारी नेत होते. आणि ज्या गोष्टीसाठी हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून टायर घासायचा, ती मी वस्त्रगाळ करून त्याच्या नावाच्या गाडीला लावून आले होते, लोकांच्या टाळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी उजेडात फोटो काढले. धुतलेला ट्रॅक्टर, मागून, दोन्ही मडगार्ड दिसतील असे. ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर असा होता, ते रोज धूत असत, आधीचा फोटो चुकीचा आहे.

मी वाट बघत होते की आता काढून टाकतील, आता कुणी काही बोलेल. एकानं लिहिलं, लाल रंग जरा जास्त चमकतोय. दुसऱ्यानं, आधीचा जास्त रिअल वाटत होता. काकांनी फक्त अंगठ्याची खूण टाकली. अक्षरांबद्दल एकही शब्द नाही. त्या शांततेपुढं मला शिव्या परवडल्या असत्या. कारण इतकीच शांतता मीही त्या ट्रकच्या फोटोखाली ठेवली होती, आणि ती कशी बनते ते मला आतून माहीत होतं. माणूस फोन हातात घेतो, बघतो, आणि दुसरं काहीतरी उघडतो.

रात्री जेवणं झाल्यावर ॲडमिनचा वेगळा मेसेज आला. भाषा अगदी गोड. ताई, कॅलेंडरला पहिला फोटोच घेतो, त्यात फील आहे. नवा घ्यायचा तर मागचा भाग क्रॉप करावा लागेल, तुम्ही समजून घ्याल. मी लिहिलं, घ्यायचा तर नवा घ्या, अख्खा. त्यांनी हात जोडले आणि लिहिलं, मग पुढच्या वर्षी बघू.

कॅलेंडर आलं. स्पर्धेच्या पानावर कोकणातल्या कुणाची तरी जीप होती, चिखलानं माखलेली, फार सुंदर केलेली. आप्पांनी भिंतीवर खिळा मारून ठेवला होता. कॅलेंडर उलटं-पालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, आपला कुठंय? या वेळी मी खरं सांगितलं. अक्षरं झाकलेली होती तोवर आपला होता, उघडी केली तर बाहेर राहिला. त्यांना तसं चालणार नाही हे मला चिखल लावताना माहीत होतं, म्हणूनच लावला.

आप्पांनी ते जीपचं पान डोळ्यांजवळ नेलं. "काम चांगलं हाय," म्हणाले.

त्यांनी मला रागवावं, असं वाटत होतं. मग मीच विचारलं, ग्रुप सोडू का?

"मला काय इचारती? चिखल लावताना इचारलं व्हतं का?"

ग्रुप मी अजून सोडलेला नाही. काकांचा साचा माझ्याकडंच आहे, आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी कुणी काय टाकलं ते मी अजूनही बघते. ट्रकवाल्या मुलाचा नंबर शोधायचा, असं दर आठवड्याला ठरवते.

कॅलेंडर आलं त्या दिवशी आप्पांनी कपाटावरून ट्रॅक्टर खाली घेतला. टायरांच्या खाचांत अजून माती राहिली होती, फडक्यानं निघत नव्हती. आगकाडीचं टोक दातानं चावून बारीक केलं आणि एकेक खाच उकरत बसले. मीही एक काडी घेतली, शेजारी बसले आणि मागचं चाक मागितलं. त्यांनी दिलं नाही.