शबीनाचे तीनशे वीस पाहुणे

कऱ्हाटीच्या शाळेत शबीना माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. फळ्यावरचं गणित पुसायला मी डस्टर उचललं की तिचा हात वर यायचा. "सर, थांबा. मला अजून पटलं नाही." उत्तर बरोबर आलेलं असायचं, तरी पटलेलं नसायचं. अशा मुलीला शिकवायला वेळ फार लागतो, पण एकदा शिकवलं की पुन्हा शिकवावं लागत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती पणदऱ्याच्या फिरोज तांबोळीला दिली. फिरोज लग्नाच्या जेवणावळी करणारा आचारी. मुलं हाताशी आल्यावर शबीनानं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली आणि पस्तिसाव्या वर्षी बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा मॅडम आल्या असं समजून सगळी पोरं उठून उभी राहिली. तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि मागच्या बाकावर जाऊन स्वतःही बसली. पोरं पुढची पाच मिनिटं शिकवायला कधी सुरुवात होते याची वाट बघत होती, असं तीच हसत सांगते.

डेटाबेस शिकवायला अविराज सर होते, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. इतरांची चूक ते सगळ्यांसमोर दाखवायचे. हिच्यापाशी येऊन हळूच म्हणायचे, "ताई, शेवटी सेमीकोलन राहिला," जणू शर्टाचं बटण उघडं राहिलंय. टेबल म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, कॉलम म्हणजे काय, हे तिला चटकन समजलं. पण दोन टेबलं वेगळी का करायची आणि मग ती पुन्हा जोडायची कशाला, हे काही केल्या पटेना. एकाच कढईत होणारा स्वयंपाक दोन पातेल्यांत करून परत एकत्र ओतायचा, हा कुठला शहाणपणा, असं तिनं सरांना विचारलंही. सर म्हणाले, पुढं कळेल. शिक्षकाचं हे वाक्य मी स्वतः चौतीस वर्षं वापरलं आहे. ते तेवढ्यापुरतं निभावून नेतं.

वर्षाअखेर प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा होता. पोरांनी ग्रंथालय, दवाखाना, दुकान असले नेहमीचे विषय घेतले. शबीनानं घरातलाच विषय घेतला.

आमच्याकडे मुसलमानाच्या घरचं लग्न असलं की दोन चुली पेटतात. एक मटण-दालच्याची. दुसरी, चांगली पन्नास पावलं लांब, शाकाहारी पाहुण्यांची. तिथला आचारी वेगळा, भांडी वेगळी, वाढपी वेगळे. खरा प्रश्न असतो तो कोणत्या चुलीवर किती माणसं धरायची हा. फिरोज तो अंदाजानं सोडवायचा. पाहुण्यांची यादी कुणाकडून तरी वाचून घ्यायची, आपण डोळे मिटून बसायचं, आणि शेवटी दोन आकडे सांगायचे. त्या वर्षी त्याच्या बहिणीच्या मुलीचं, मेहजबीनचं, लग्न होतं. शबीना म्हणाली, या खेपेला आकडे मी काढून देते. फिरोजनं नुसतं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्याचा तिला राग आला आणि ती बोलून गेली, "माझा आकडा चुकला तर कॉलेज सोडीन."

कुणी मागितली नव्हती अशी शपथ. पण शबीना बोललेलं गिळणारी नाही, हे फिरोजलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग पंधरा दिवस ती घरोघर फिरली. लग्न रविवारचं होतं. जेवायला येणार का, मटण चालतं का, एवढंच विचारायची. माझं घरही आता पणदऱ्यातच, म्हणून माझ्याकडंही आली. मी तिच्या टेबलात एकशे एकोणचाळिसावा आहे, शाकाहारी. नाव, गाव, आणि पुढं एक कॉलम : मटण, हो किंवा नाही. एकंदर तीनशे वीस माणसं. क्वेरी, म्हणजे टेबलाला विचारायचा प्रश्न, चालवली की उत्तर हजर : मटण दोनशे एकेचाळीस, शाकाहारी एकोणऐंशी. फिरोजनं कागद दोनदा वाचला, डोळे मिटून पाहिले आणि मान हलवली. त्याचाही अंदाज तिथंच कुठंतरी होता.

लग्नाला आठवडा उरला असताना नवऱ्या मुलाच्या नोकरीवरून निरोप आला. त्याला शनिवारीच परत हजर व्हायचं होतं. लग्न अलीकडं ओढून गुरुवारी ठरलं. सगळ्यांची धावपळ झाली, शबीनाची तेवढी झाली नाही. तिनं कॉम्प्युटरमध्ये एका जागी तारीख बदलली, नवीन कागद काढला आणि फिरोजच्या हातात दिला. एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं, हेच तर शिकवलंय, असंही ऐकवलं.

सोमवारी ती तारखेचा निरोप द्यायला गंगाराम आबांकडं गेली. आबा माळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्या बुद्धविहाराचे जुने कार्यकर्ते. दुसऱ्याची फजिती त्यांना जरा लांबून दिसते. त्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"गुरुवारी दोनशे एकेचाळीस मटणाला?"

"हो आबा."

"सूनबाई, आमाला काय, सगळं वार सारखंच. आमी येतू आन् खातू. पर बाकीच्या गावाला गुरुवार हाय का न्हाय?"

शबीना तिथंच पायरीवर बसली. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कुणी एक वार पाळतं, कुणी तिन्ही. आमच्या भागात 'मटण खाता का' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं, आज कोणता वार आहे तेवढं असतं. तिनं रविवारसाठी विचारलेलं उत्तर गुरुवारच्या कागदावर छापलं होतं.

घरी येऊन तिनं फिरोजला विचारलं, तुम्हाला दिसलं नाही का? फिरोज शांतपणे म्हणाला, "दिसलं की. मला वाटलं, तुज्या मशिनीला वार ठावं आसंल. तू म्हनली व्हतीस, एकदा भरलं की समदं आत आसतं."

त्या दुपारी ती कॉलेजात गेली ती थेट अविराज सरांपुढं. कढईचा प्रश्न आता तिला स्वतःलाच सुटला होता. माणसांचं टेबल वेगळं, आणि कोण कोणता वार पाळतो त्याचं वेगळं. एकाच माणसाच्या तिथं तीन ओळी येतील, दुसऱ्याची एकही येणार नाही. मग लग्नाच्या वाराशी दोन्ही जोडायची. सरांनी खुर्ची मागं सरकवून तिला जागा करून दिली. मंगळवारी दिवसभर ती फोनवर होती. गावातल्या रामहरी तात्यांना विचारलं तेव्हा त्यांनी फोनवरच कानाला हात लावल्याचं तिला ऐकू आलं म्हणे. "गुरुवारी? छ्या. दत्ताचा वार हाय, पोरी."

नवा आकडा निघाला : मटण एकशे अठरा, शाकाहारी दोनशे दोन. मटण निम्म्याहून कमी झालं होतं. फिरोजनं या वेळी डोळे मिटले नाहीत. कागद खिशात घातला आणि खाटकाला निरोप धाडला.

गुरुवारी शबीना नवी साडी नेसून, हातात वही घेऊन दोन्ही पंगतींच्या मधोमध उभी होती. तीनशे वीस माणसं आली आणि पोटभर जेवली. पण मटणाच्या पंगतीत बसली एकशे सदतीस. त्यात तिसऱ्या ओळीत, मान खाली घालून, रामहरी तात्या. वही दिसताच ते पुटपुटले, "आपला गुरुवार घरचा आसतो. लग्नातला न्हाय."

एकोणीस माणसं जास्त, आणि तरी रस्सा कमी पडला नव्हता. ते कसं, हे तिला चुलीमागं गेल्यावर समजलं. एक पातेलं फिरोजनं तिला न सांगता वाढीव टाकलं होतं.

 शुक्रवारी सकाळची बारामतीची एस.टी. तिच्याशिवाय गेली. शनिवारी प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. दुपारी फिरोज घरी आला तेव्हा ती पुस्तकं फडताळात वर ठेवत होती.

"आकडा चुकला," ती म्हणाली. "आणि तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता."

फिरोजला लांब बोलणं जमत नाही. त्यानं खांद्यावरचा पंचा खुंटीला टांगला. मग म्हणाला, "तुज्यावर व्हता. रामहरी तात्यावर नव्हता. तुजा आकडा न्हाय चुकला, शबीना. मानसं चुकली."

 ती हातातलं पुस्तक उघडून खालीच बसली.

शनिवारच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. तिच्या टेबलात दोन नवे कॉलम दिसले : एक 'बोलले', एक 'जेवले'. एकोणीस ओळींत ते जुळत नव्हते. परीक्षक म्हणाले, बाई, ही चूक दुरुस्त करायची राहिली का? शबीना म्हणाली, नाही सर, ही दुरुस्त होत नसते, नोंदवून ठेवायची असते. पुढच्या लग्नाला किती वाढीव टाकायचं ते यावरून निघतं. त्यांनी सगळी एकोणीस नावं शांतपणे वाचली आणि मग गुण लिहिले. किती, ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षाची फी भरल्याचं तिनं आपणहून सांगितलं.

गेल्या आठवड्यात फिरोजनं इंदापूरचं पाचशे माणसांचं लग्न घेतलं. यादी डोळे मिटून ऐकणं त्यानं सोडलं आहे. रविवारी मोटारसायकलवर शबीनाला मागं बसवून तो इंदापुरात दारोदार हिंडला. ती आत जाऊन विचारायची. तो फाटकापाशी तिची बॅग धरून उभा राहायचा, आणि कुणी कोण म्हणून विचारलं तर सांगायचा, "मॅडम आल्यात. खरं सांगा, लिवून घेत्यात."