साखऱ्याच्या ओसरीवर मी गप्प बसलो

चहा येईपर्यंत एक सांगून टाकतो. गाढवपणा सगळा माझाच आहे, त्यामुळे मध्ये मध्ये हसलात तरी चालेल. फक्त साखऱ्याचं कोणी इथं बसलं असेल, तर त्यांनी कृपा करून माझ्याकडे पाहू नये.

प्लॉटच्या धंद्यात मी नवा होतो. त्याआधी सात वर्षं सेनगावात खत-बियाण्याच्या दुकानात काउंटरवर उभा होतो. ती नोकरी सोडताना मालकाला, सासऱ्यांना आणि निम्म्या सेनगावाला सांगून निघालो होतो, की आता रिअल इस्टेटमध्ये करिअर करणार. आणि औंढ्याच्या आमच्या लेआउटवर तीन महिने झाले तरी माझ्या हातून एक प्लॉट जाईना. शेवटी साहेब म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत एक तरी बुकिंग आणा. नाहीतर राहू द्या." महिना संपायला चार दिवस होते. म्हणजे पाचव्या दिवशी मी परत त्याच काउंटरवर, युरियाची पोती दाखवत. जुना मालक मला काही बोलला नसता. नुसता हसला असता. मला त्या हसण्याचीच धास्ती होती.

तर साहेबांचा वाचनावर फार विश्वास. "तुम्ही वाचत नाही म्हणून तुमचं काही खपत नाही," असं म्हणून त्यांनी मागेच मला व्हॉट्सअॅपवर पुस्तकांची यादी पाठवली होती. या धंद्यात ज्याला मोठं व्हायचंय त्यानं वाचलीच पाहिजेत अशी. सगळी पुस्तकं भाषांतरित, आणि प्रत्येकाच्या कव्हरवर कोट घातलेला एकेक गोरा माणूस हाताची घडी घालून उभा. मी मूळचा न वाचणारा. पण नोकरी जायची वेळ आली की माणूस काय करत नाही? दोन दिवस आणि दोन रात्री जागून सगळी संपवली. पिवळ्या पेनानं रेघा मारल्या. बायको म्हणाली, "बारावीला असं वाचलं असतं तर आज दुसऱ्यांच्या जागा दाखवत फिरायची वेळ आली नसती."

काय लिहिलं होतं त्यात? गिऱ्हाइकाच्या घरी काही खाऊ-पिऊ नका, मिंधे होता. काय विकायला आलात ते आल्या आल्या सांगू नका. फोनवर तर अजिबात नाही. घरातली महत्त्वाची माणसं आधी गोळा होऊ द्या, त्यांच्या मुलाबाळांची आस्थेनं चौकशी करा, चेहरा गंभीर ठेवा. आणि सगळ्यात मोठं, जाड अक्षरात छापलेलं: मग गप्प बसा. समोरचा स्वतः विचारेपर्यंत एक शब्द बोलू नका. जो आधी बोलला तो हरला.

ज्यानं हे लिहिलं त्या गोऱ्या माणसानं साखरा पाहिलेलं नव्हतं, हे मी समजू शकतो. पण मी तर पाहिलं होतं ना?

नागनाथाच्या देवळासमोर सोपान आणि त्याची बायको रेखाताई यांचं फुलं-नारळाचं दुकान आहे. तो मला म्हणाला, "माझे सासरे दत्तराव साखऱ्याला असतात. पंधरा एकर रान हाये, पोरगं पुण्याला शिकून राहिलं. दोन सालापासून औंढ्यात जागा घेतो म्हनून राहिले. माझं नाव सांगा आन् जा." मला वाटलं, नागनाथच पावला. सोमवारी सकाळी पांढराफेक शर्ट घातला, मोटारसायकल काढली आणि दुपारपर्यंत साखऱ्याला पोचलो.

दत्तराव ओसरीवर सोयाबीनचं बी निवडत बसले होते. साठीचा माणूस, डोक्याला टोपी, पुढ्यात सूप.

"राम राम काका. औंढ्याहून आलो. सोपानरावांनी पाठवलंय."

म्हातारा उठून उभा राहिला. "जावईबापूनं? त्याईनं फोन न्हाई केला."

"फोनवर सांगण्यासारखं नाही, काका. समोर बसूनच सांगावं लागतं."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि आत आवाज दिला. त्यांची बायको, कौसामावशी, तांब्या-पेला घेऊन आल्या. पेला भरून माझ्यापुढे ठेवला. मी हात आडवा केला. "पाणी नको, मावशी."

"चा टाकते मंग."

"चहा पण नको. तुम्ही आधी इथं बसा. घरात अजून कोण आहे?"

"आमी दोघंच हाव," दत्तराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"मग भाऊबंदांपैकी जवळचं कोणी असेल तर बोलावून घ्या. नंतर कोणी म्हणायला नको, आम्हाला का नाही सांगितलं."

शेजारून त्यांचा चुलतभाऊ ज्ञानोबा आला. याची इकडच्या गोरेगावहून सेनगावपर्यंत जीप चालायची. तो भिंतीला टेकून बसला. त्याच्यामागून दोन बायका आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. मला आनंद झाला. गिऱ्हाईक एक आणि श्रोते पाच. आता आस्थेनं चौकशी करायची होती. मी चेहरा होता त्याहून गंभीर केला आणि विचारलं, "काका, रेखाताई तुमची एकच लेक ना?"

"एकच हाये," दत्तराव म्हणाले.

मी मान हलवली, खाली पाहिलं आणि गप्प बसलो.

आता खरी परीक्षा होती. म्हाताऱ्यानं विचारायचं, "काय काम काढलं?" की मी प्लॉटचा नकाशा उलगडणार. पण म्हातारा विचारीना. नुसता माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. मी पण राहिलो. एक कोंबडी आली आणि सुपातलं बी टिपायला लागली, तिला कोणी हाकललं नाही. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. माझ्या पाठीतून घाम निघाला. म्हटलं, गडी पक्का आहे. यानं पण हेच पुस्तक वाचलंय की काय?

मग दत्तरावांनी खिशातून फोन काढला आणि जावयाला लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. सोमवारची देवळापुढची गर्दी, सोपानचा फोन गल्ल्यात पडलेला, पण हे तिथं कोणाला माहीत? मग लेकीला लावला. आपण संपर्क करीत असलेला फोन बंद आहे, असं त्या बाईनं सगळ्या ओसरीला ऐकवलं. मला वाटलं, माझी चौकशी चाललीय. गिऱ्हाईक खात्री करून घेतं, तेव्हा शांत राहावं, असंही लिहिलं होतं. मी आणखी शांत राहिलो.

कौसामावशींनी त्या भरल्या पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला आणि मटकन खाली बसल्या. "माय माझी," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. उंबऱ्यावरच्या बायका धावल्या, त्यांच्या गळ्यात पडल्या, त्याही रडायला लागल्या.

तुम्ही म्हणाल, माणूस इतका बैल असतो का हो? असतो. डोक्यात करिअर शिरलं की असतो. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, घर घेणं हा भावनेचा निर्णय आहे, ग्राहकाचे डोळे भरून आले तर समजा की सौदा जवळ आला. आणि इथं तर तीन-तीन बायका रडत होत्या. मला वाटलं, एक नाही, दोन प्लॉट जातील. मी दत्तरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, धीर धरा. आता निघूया. एकदा डोळ्यांनी पाहून घ्या."

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. ज्ञानोबानं पळत जाऊन जीप आणली. बघता बघता दहा माणसं आत बसली. अख्खी भावकी जागा पाहायला निघाली म्हणून मी हरखून गेलो. मोटारसायकल तिथंच सोडली आणि पुढे ज्ञानोबाच्या शेजारी बसलो.

सेनगाव मागे पडलं. मागे बायकांचं रडणं थांबेना. ज्ञानोबा जीप अशी हाणत होता की मी दोन्ही हातांनी दांडी धरून ठेवली होती. मग तो माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाला, "बाळंतपनात गेली काय हो आमची रेखा? आठवा लागला व्हता तिला."

तेव्हा कुठं मला तो भरला पेला आठवला.

आमच्या भागात मयतीचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. आल्या आल्या काही सांगत नाही. जवळचं माणूस बोलावून घेतो, खाली मान घालून बसतो, आणि घरच्यांना आपोआप कळतं. हे मला माहीत नव्हतं होय? माझी मावशी गेली तेव्हा गोरेगावला तिच्या लेकीकडे मीच गेलो होतो. असाच बसलो होतो. असाच पेला नाकारला होता. आणि आज एका धडधाकट पोरीचा निरोप मी तिच्या आईबापाला देऊन बसलो होतो, एक शब्द न बोलता.

मी गर्रकन मागे वळलो. "काका, रेखाताई बऱ्या आहेत. त्यांना काही झालेलं नाही."

मग कौसामावशींनी मघापेक्षा मोठ्यानं हंबरडा फोडला.

"असंच सांगत्यात समदे," मागची एक बाई म्हणाली. "माझा भाऊ गेला तवाबी बरा हाये म्हनूनच नेलतं मला."

"अहो, खरंच सांगतो, आई शप्पथ. मी प्लॉट विकायला आलो होतो."

दत्तरावांनी पुढे वाकून माझा हात धरला. "भाऊ, तुमी आता काही बोलू नका. असा निरोप आनायचा म्हंजे लई तकलीफ व्हते मानसाला. तुमची काही चूक न्हाई." आणि ज्ञानोबाला म्हणाले, "घाबरलंय लेकरू. काय बी बोलून राहिलं."

मी खिशातून लेआउटचा नकाशा काढून दाखवला. कोणी पाहिला नाही. सोपानला मी अकरा वेळा फोन लावला. मला तर रडूच आलं. ते पाहून मागची बाई म्हणाली, "पहा, त्यालाबी राहवेना." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. हिंगोलीच्या रेल्वे फाटकावर जीप थांबली तेव्हा वाटलं, उतरून पळून जावं. पण म्हाताऱ्यानं माझा हात सोडला नव्हता. आणि मनात एक वाईट विचार येऊन गेला, तो आजही सांगताना लाज वाटते: आता खरंच काही झालं असेल तर?

औंढ्याला पोचलो. देवळासमोर गर्दी. आणि गर्दीच्या पलीकडे दुकानाच्या फळीवर रेखाताई बसलेल्या, पोट सांभाळत, झेंडूची माळ हातात, आणि एका गिऱ्हाइकाला झापत होत्या की सकाळचं फूल नाही हे, आत्ता आणलंय.

कौसामावशी जीप थांबायच्या आत उतरल्या. पोरीला धरलं, तिचं तोंड चाचपलं, हात चाचपले. रेखाताईंनी आईकडे पाहिलं, रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं, जीपभर भावकी पाहिली आणि त्यांच्या हातातली माळ गळून पडली. "आई, दादा कुठंय? काय झालं माझ्या भावाला?" आणि त्यांनीही सूर लावला. पुण्यातला भाऊ फोनवर बोलेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मग सगळे शांत झाले आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. सोपान मागून आला, म्हणाला, "अरे, हे तं आपले प्लॉटवाले."

ज्ञानोबा बाह्या सारत पुढे आला. मी डोळे मिटून घेतले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो. पण दत्तरावांनी त्याला मागे ओढलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले, लेकीकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायले. मग तोच तांब्या माझ्यापुढे धरला.

"प्या."

"काका, मला माफ करा..."

"आधी पानी प्या म्हनलं नं."

मी प्यायलो. ते पाहत होते. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाले, "दोन घंटे जीपमधी म्या एकच इचार केला. लेकीला इतक्या लांब काहून दिली? उद्या तिनं हाक मारली तं म्या पोचंल कवा?" रिकामा तांब्या त्यांनी लेकीच्या हातात दिला. "चला. दाखवा तुमची जागा."

जागा त्यांना पसंत पडली. देवळाकडचा कोपऱ्यावरचा प्लॉट, लेकीच्या घरापासून चालत पाच मिनिटं. माझ्या डोळ्यांपुढून युरियाची पोती नाहीशी झाली. मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "पन एक सांगतो भाऊ, राग मानू नका. कागदावर सही घ्याला तुमी घरी येऊ नका. दुसऱ्या कुनाला धाडा. तुमाला पाहून रेखाच्या मायच्या छातीत धडधड व्हते."

तेव्हा साखऱ्याला साहेब स्वतः गेले. चहा प्यायले, शिरा खाल्ला, सही घेऊन आले आणि बुकिंग स्वतःच्या नावावर चढवलं. दया येऊन मला एक महिना वाढवून दिला, आणि वर आणखी एक पुस्तक दिलं, गिऱ्हाइकाचं मन कसं ओळखावं.

ज्ञानोबाची जीप रोज गोरेगाव ते सेनगाव फिरते, आणि त्याचं तोंड जीपच्या पुढे धावतं. त्यामुळे आता मी कुठल्याही गावात शिरलो की बायका मला पाहून आधी लेकींना फोन लावतात. म्हणून मी गाडी स्टँडवर लावायच्या आधी गल्लीतूनच सांगतो, "घाबरू नका, सगळे खुशाल आहेत, मी प्लॉटचं सांगायला आलोय."

आतून आवाज येतो, "समदे खुशाल हायेत, तं मंग तुमी काहून आले?"