किरकिरणारी फळी

कुठल्याही खोलीत शिरली की आधी एक टाळी वाजवायची आणि मगच तोंड उघडायचं, ही तिची खोड. त्यामुळे खरं नाव कागदोपत्रीच राहिलं आणि शहरभर ती टाळीबाई झाली. टाळी परत कशी येते यावरून ती सांगायची, खोली गाण्याची आहे की नुसत्या उखाळ्यापाखाळ्यांची.

संग्रहालयात शहराच्या संगीताचं दालन उभारायचं काम तिला मिळालं. संग्रहालयाच्या साहेबांना हवे होते भिंतभर व्हिडिओचे पडदे आणि रंगीत दिवे. बाईनं आणल्या पाडलेल्या नाचघराच्या फळ्या. जळणात निघाल्या होत्या; तिनं ट्रकसमोर उभं राहून सोडवल्या. याच फळ्यांवर तिच्या बाबांनी तीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं होतं. त्यातली एक किरकिरायची. बँडमास्तर तिच्यावर पाय द्यायचा, किर्र व्हायचं आणि अख्खा बँड एकदम सुरू. दालनातही तिनं तीच फळी दाराशी बसवली, खाली माईक लावला. किर्र झाल्याशिवाय स्पीकरमधून सूर निघणार नाही.

उद्घाटनाच्या सकाळी तिनं पाय दिला. फळी गप्प. पुन्हा दिला. ढिम्म.

"काल पक्की केली," मिस्त्री हसत म्हणाले. "तीन स्क्रू मारले. चाळीस वर्षांत माझ्या हातची फळी कधी कुरकुरली नाही, ताई. तुमची लाज राखली."

बाईनं कपाळाला हात लावला. माणूस कामाला चोख, हीच पंचाईत.

साहेब मात्र खूश. "बरं झालं. गाणं बटणावर सुरू करू. पाहुण्यांना वाटायचं, काम कच्चं आहे."

"वाटू दे. मिस्त्री, स्क्रूड्रायव्हर द्या."

"ते स्क्रू निघाले, तर दारावरची तुमच्या नावाची पाटीही निघेल," साहेब म्हणाले.

"मग दोन स्क्रूड्रायव्हर लागतील," बाई म्हणाली आणि ठेवणीतल्या कपड्यांनिशी तिथंच फतकल मारून बसली.

मिस्त्रींनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग गुडघे टेकले. "माझे स्क्रू, मीच काढतो," ते पुटपुटले.

पाहुण्यांत बाबा होते. ऐंशीचे, एका कानानं ठार बहिरे. त्यांचा पाय फळीवर पडला. किर्र. स्पीकरचा पहिला सूर यायच्या आत त्यांची बोटं काठीवर ट्रम्पेटच्या कळा दाबू लागली होती.

पाटी त्याच संध्याकाळी निघाली. तिच्या जागी दारावर चार भोकं आहेत. ती बुजवायला साहेबांनी दोनदा सांगितलं. मिस्त्रींना अजून सवड झालेली नाही.