एल्झी टार्पली मेला, असं मीच सांगितलं

एल्झी टार्पली मेला, असं मीच सांगितलं. तेव्हा तो माझ्याच ओसरीवर बसून माझ्याच चवळीच्या शेंगा सोलत होता.

आमच्या मिसिसिपीत काळ्यांच्या वस्तीत गोरा माणूस कुणाचं नाव घेऊन पत्ता विचारायला आला की एकच उत्तर असतं: मेला, नाहीतर शिकागोला गेला. हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यातून चौसष्ट साल. मतदार म्हणून नाव नोंदवलं की काळ्यांची घरं जाळली जात होती. आणि हे दोन गोरे पोरगे टोपी काढून मला चक्क ‘बाई’ म्हणाले! साठ वर्षांत कुणा गोऱ्यानं मला बाई म्हटलं नव्हतं.

“एल्झी? मेला तो. वीस वर्षं झाली असतील.”

“चांगला माणूस होता,” एल्झी म्हणाला. मेला!

उंच पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चार दिवस गाडी हाकत बोस्टनहून आले होते. एल्झीच्या गाण्याची एकोणतीस सालची एकच रेकॉर्ड त्यांना मिळाली होती, ती त्यांनी टेपवर उतरवली होती. तुमचा माणूस तुम्ही तरी ऐका, म्हणत त्यानं टेपचं मशीन ओसरीवर ठेवलं आणि लावलं.

त्या गाण्यावर मी पंचविशीत नाचले आहे. पण बायको गेली तशी एल्झीनं गिटार विकली आणि तो चर्चमध्ये डीकन, म्हणजे कारभारी पंचांपैकी एक झाला. पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाली. असली नाचायची गाणी आमच्या चर्चच्या लेखी सैतानाची. वाजवली की खुर्ची गेली. म्हाताऱ्याकडे दुसरं होतं काय?

एल्झीचे हात थांबले. मी त्याचा पाय दाबला. गप्प बस.

“मशीन जलद चालवताय,” तो म्हणाला. “माझा आवाज इतका किरटा नव्हता.”

झालं. बिंग फुटलं.

पोरांनी नवी गिटार आणली. एल्झीला स्वतःचंच गाणं आठवेना, त्यात कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये सापडून दोन बोटं आखडलेली. टेप ऐकून तो पोरगा त्याला शिकवायचा. “इथं चुकतंय, टार्पलीसाहेब.” मला ते बघवत नसे. शरद ऋतूत त्यांनी त्याला उत्तरेत जलशाला न्यायचं ठरवलं.

“खुर्ची जाईल तुझी,” मी म्हटलं.

“जाऊ दे, ओझेला. मी खरंच बरा वाजवत होतो का, एवढं एकदा कळू दे.”

दहा दिवसांनी तो परत आला. रविवारी चर्चमध्ये त्याच्या खुर्चीत ब्रदर होसिया बसला होता. एल्झी मागच्या बाकावर बसला, कुणी त्याच्याशी बोललं नाही. प्रार्थना संपल्यावर सरळ माझ्या ओसरीवर आला. कोटसुद्धा काढला नाही.

“काय म्हणाले लोक?”

“उभे राहून टाळ्या वाजवल्या. किती वेळ!”

“मग तोंड का पाडलंयस?”

“अगं, बोटं तीनदा अडखळली, तरी टाळ्या. मला नव्हत्याच त्या. रेकॉर्डवरच्या पोराला होत्या.” त्यानं आखडलेला हात मांडीवर ठेवला. “बरा वाजवायचा गं तो.”

“कोण?”

“तोच. तू सांगितलंस ना? मेला तो.”

मी शेंगांची पाटी त्याच्याकडे सरकवली.