आजीच्या सासूचा फोटो

आमचा आबाजी, म्हणजे आजोबा, सुखराम, सानगडीच्या तलावावर जाळं टाकता टाकता म्हातारा झाला. तोंडानं कमी बोलते. दिवाळीत मी हॉस्टेलवरून घरी आली अन् मोबाइलवर त्याले एक कार्टूनचा पिच्चर दाखवला. त्यात गाण्यावाचून राहू न शकणारं एक पोरगं, त्याचे मेलेले पणजे, अन् नियम असा का घरात ज्याचा फोटो नाही, तो सणाले घरी येऊ शकत नाही. मी तं रडून रडून ओढणी ओली केली. आबाजी मात्र भिंतीकडेच पाहत राहिला.

आमच्या भिंतीवर जुना फोटो एकच, पणजीचा. नऊवारी, नथ, कमरेवर हात. आजी म्हणजे बायाबाई त्याले सणावारी हळदकुंकू लावते अन् भांडतेही त्याच्याशीच, कारण सासूसासरे तिच्या लग्नाआधीच वारले.

मी विचारलं, पणजोबाचा फोटो कुठं आहे? आजी म्हणाली, नाहीच. मंग तो बिचारा बाहेरच उभा असन, असं म्हणून मी पुन्हा रडली.

आबाजी दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोटोकडे बोट करून म्हणाला, "तो माहा बाप होय. गोमाजी."

गोमाजी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावच्या नाटकात, बाईचं काम करे, गळा असा का लोक गावोगावून येत. फोटोही मंडईच्या जत्रेतल्या फोटोवाल्यानं तशाच वेशात काढला. शाळेत पोरं आबाजीले चिडवत. आजी नवी नवरी होऊन घरात आली, फोटो पाहून ह्या सासूबाई काय म्हणून विचारलं, यानं हो म्हणून मान हलवली. तेव्हापासून हलवूनच राहिला.

आजीनं आधी डोक्यावर पदर घेतला.

"सासऱ्यासमोर मी इतके वर्षं उघड्या डोक्यानं फिरली. अन् काय काय बोलली त्याईले! तुमच्यानं एक शब्द निघाला नाही?"

"लोकं हसले असते."

"हसू द्या ना. आपला माणूस कायले लपवाचा?"

तेवढ्यात शेजारची कुंताबाई मासोळ्या घ्याले आली. आमचे चेहरे पाहून विचारलं, काय झालं. मी आबाजीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"हा फोटो माह्या बापाचा होय," तो म्हणाला. "दंडारीत राणी बने."

कुंताबाई हसता हसता खालीच बसली. मंग फोटो पाहे, आबाजीले पाहे.

"नाक तं तुमचंच आहे, भाऊजी. तुम्हीही राणी शोभले असते."

"नाही शोभत," आजी आतून म्हणाली. "माह्याएवढं कोणी पाह्यलं नाही तुह्या भाऊजीले."